इंग्रजी भूतकाळाचे लेखन : एका प्रत्ययाची चिकित्सा

१

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत नियमित क्रियापदांच्या भूतकाळाचे लेखन बहुधा पाच-सहा सूत्रांत आटोपले जाते. क्रियापदास ‘ई’ व ‘डी’ ही दोन अक्षरे जोडावीत. क्रियापदाच्या अंती ‘ई’ असल्यास केवळ ‘डी’ जोडावा. अंती व्यंजनापुढे ‘वाय’ असल्यास त्याचा ‘आय’ करावा. एकच स्वराक्षर व त्यापुढे एकच व्यंजन असल्यास ते व्यंजन द्वित्त करावे. आणि अंती ‘सी’ असल्यास मध्ये ‘के’ घालावा. यापुढे अपवादांची एक यादी येते आणि प्रकरण संपते. विद्यार्थी सूत्रे पाठ करतो, उदाहरणे सोडवितो आणि इंग्रजी लेखन हा मनमानी कारभार आहे अशी समजूत करून घेतो.

ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे नाही; पण ती ज्या मांडणीतून निर्माण होते ती मांडणी सदोष आहे. वरील सूत्रांत दोन भिन्न जातींचे नियम एकाच पंक्तीला बसविलेले असतात. पहिले सूत्र प्रत्ययाविषयीचे आहे व ते उच्चाराकडे पाठ फिरवून अर्थाकडे पाहते. उरलेली सूत्रे धातूविषयीची आहेत व ती उच्चारच सांभाळू पाहतात. एकाच शब्दाच्या लेखनात ही दोन तत्त्वे शेजारी शेजारी नांदतात. त्यांतील पहिले तत्त्व स्वीकारल्यामुळेच दुसऱ्या जातीच्या नियमांची गरज बहुतांशी उत्पन्न झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे वरवर विस्कळीत दिसणाऱ्या सूत्रांतील परस्परसंबंध स्पष्ट होऊ लागतो. या संबंधाची चिकित्सा करणे आणि या लेखनाविरुद्ध वेळोवेळी घेतल्या गेलेल्या आक्षेपांचे मूल्य ठरविणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम प्रत्ययाचा विचार करावयाचा. ‘वॉक’, ‘प्ले’ आणि ‘वाँट’ या तीन क्रियापदांचे भूतकाळ लिहिताना प्रत्यय एकच लिहिला जातो. उच्चार मात्र तीन होतात. पहिल्याच्या अंती ‘ट्’ ऐकू येतो, दुसऱ्याच्या अंती ‘ड्’, आणि तिसऱ्याच्या अंती ‘इड्’ असा एक स्वतंत्र शब्दावयव ऐकू येतो. (‘शब्दावयव’ म्हणजे एका स्वराभोवती बांधलेला उच्चारखंड, या अर्थाने हा शब्द येथे वापरला आहे.) या तीन उच्चारांची वाटणी काटेकोर आहे. धातूचा अंत्य ध्वनी अघोष असल्यास ‘ट्’, घोष असल्यास ‘ड्’, आणि तो ध्वनी स्वतःच ‘ट्’ किंवा ‘ड्’ असल्यास मध्ये स्वर घालून ‘इड्’. ही निवड बोलणाऱ्याला जाणीवपूर्वक करावी लागत नाही. शेजारच्या ध्वनीमुळे ती आपोआप होते. जे आपोआप होते ते लिहून दाखविण्याची आवश्यकता नसते. म्हणून लेखनाने या भेदाची दखल घेतली नाही आणि ‘भूतकाळ’ या अर्थाला एकच दृश्य खूण दिली.

ही खूण आज ज्या स्वरूपात आढळते त्यामागे इतिहास आहे. प्राचीन इंग्रजीत दुर्बल क्रियापदांच्या भूतकाळी प्रत्ययांत स्वर सामान्यतः असे व तो उच्चारलाही जाई. मध्ययुगीन इंग्रजीत हे निरनिराळे स्वर क्षीण होऊन त्यांच्या जागी एकच अस्पष्ट स्वर आला व तो ‘ई’ या अक्षराने लिहिला जाऊ लागला. पुढे बोलण्यातून हा स्वरही क्रमाक्रमाने नाहीसा झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस सामान्य संभाषणात तो केवळ ‘ट्’ व ‘ड्’ यांच्यापुढेच उरला होता. तेथे तो टिकला याचे कारण उघड आहे. दोन सजातीय स्पर्शवर्ण सलग उच्चारता येत नाहीत. स्वर गेला असता तर प्रत्ययच ऐकू आला नसता. अन्यत्र स्वर गेला, पण त्याचे अक्षर राहिले. उच्चारातून गेलेल्या ध्वनीचे चिन्ह लेखनात का राहावे, हा प्रश्न येथेच उद्भवतो. गेल्या तीनशे वर्षांतील वाद या प्रश्नाभोवतीच फिरत राहिले.

३

या वादाचे पहिले महत्त्वाचे पर्व अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्या काळी छापील मजकुरात ‘ई’ गाळून त्याच्या जागी लोपचिन्ह घालण्याची रीत सर्रास होती. ४ ऑगस्ट १७११ रोजी ‘स्पेक्टेटर’च्या १३५व्या अंकात ॲडिसनने या संक्षेपाविषयी खंत व्यक्त केली. पूर्वी दोन किंवा अधिक अवयवांचे असलेले मृदू शब्द आता व्यंजनांचे गाठोडे होऊन बसले आहेत, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. पुढील वर्षी, १७१२ साली, जोनाथन स्विफ्टने अर्ल ऑफ ऑक्सफर्ड यांस उद्देशून लिहिलेली आपली सुप्रसिद्ध सूचना छापली. इंग्रजी भाषा सुधारून स्थिर करण्यासाठी एक मंडळ स्थापावे, ही त्या सूचनेची मुख्य मागणी. भाषेच्या अवनतीची जी उदाहरणे त्याने दिली, त्यांत ‘ड्रज’, ‘डिस्टर्ब’, ‘रिब्यूक’ व ‘फ्लेज’ यांची स्वर गाळून लिहिलेली भूतकाळी रूपे होती. दोष त्याने विशेषतः कवींच्या माथी मारला. छंदात शब्द बसविण्यासाठी कवींनी शब्द खुडले व पुढे तीच सवय गद्यात शिरली, असे त्याचे निदान होते.

हे निदान टिकणारे नाही. स्वराचा लोप ही बोलणाऱ्यांच्या तोंडी शतकानुशतके चाललेली प्रक्रिया होती. कवींनी तिचा उपयोग केला, ती निर्माण केली नाही. शिवाय स्विफ्टच्या स्वतःच्या पद्यातही अशी संक्षिप्त रूपे आढळतातच. ॲडिसनच्या तक्रारीतही उच्चार आणि लेखन यांची गल्लत आहे. व्यंजनसमूह तयार झाला होता तो उच्चारात. लोपचिन्हाने तो केवळ उघडा पाडला. चिन्ह काढून ‘ई’ परत बसविल्याने भाषेचे माधुर्य परत येणे शक्य नव्हते.

तथापि स्विफ्टच्या त्याच लेखात एक विचार असा आहे की ज्याचे मूल्य त्याच्या निदानापेक्षा अधिक आहे. जसे बोलावे तसे लिहावे, या त्या काळी पुढे येऊ लागलेल्या मताला त्याने मूर्खपणाचे ठरविले. उच्चार गावागणिक व पिढीगणिक बदलतो. लेखन त्याच्या मागे धावू लागल्यास शब्दांची ओळख पटणार नाही, ही त्याची भीती होती. ही भीती भूतकाळी प्रत्ययाला नेमकी लागू पडते. स्विफ्टला हवे असलेले मंडळ कधीच स्थापन झाले नाही. १७१४ साली राणी ॲनच्या मृत्यूनंतर राजकीय पारडेच फिरले. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा मंडळाच्या कल्पनेला विरोधही केला. तरीसुद्धा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गद्यातील लोपचिन्ह मागे पडले आणि पूर्ण ‘ई-डी’ रूढ झाले. उच्चारात गेलेला अवयव परत आला नाही. कागदावर मात्र तो परतला. स्विफ्टचा पक्ष श्रवणात हरला व लेखनात जिंकला, आणि तोही त्याने दिलेल्या कारणांसाठी नव्हे.

मग कोणत्या कारणासाठी? लोपचिन्हाने केलेल्या लेखनातील उणीव पाहिली म्हणजे याचे उत्तर सापडते. ‘होप’ (आशा करणे) आणि ‘हॉप’ (लंगडी घालणे) या दोन क्रियापदांचे भूतकाळ ‘ई’ गाळून लोपचिन्हासह लिहिले की ते सारखेच दिसण्याचा धोका उभा राहतो. ‘होप’मधील अंत्य ‘ई’ स्वतः मूक आहे, पण मागील स्वर दीर्घ वाचावा हे तोच सांगतो. तो गाळल्यास दीर्घत्वाची खूणच पुसली जाते. स्विफ्टने नापसंत केलेल्या ‘रिब्यूक’च्या संक्षिप्त रूपातही हेच घडते. ‘होप’च्या पूर्ण लिहिलेल्या भूतकाळात मात्र एकच ‘ई’ दोन कामे करतो : मागील स्वराचे दीर्घत्व राखतो आणि प्रत्ययाचा भागही होतो. ‘अंती ‘ई’ असल्यास केवळ ‘डी’ जोडावा’ हे शालेय सूत्र म्हणूनच अपुरे आहे. तेथे धातूचा ‘ई’ आणि प्रत्ययाचा ‘ई’ एकमेकांत मिळून जातात, असे सांगणे अधिक यथार्थ होईल.

४

दुसरे पर्व ‘टी’ या अक्षराच्या पुरस्काराचे. जेथे उच्चार ‘ट्’ आहे तेथे सरळ ‘टी’ लिहावा, ही कल्पना जुनीच आहे. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या १६६७च्या पहिल्या आवृत्तीत ‘मिक्स’, ‘फिक्स’ व ‘व्हेक्स’ यांची भूतकाळी रूपे ‘टी’ने लिहिलेली आढळतात. एकोणिसाव्या शतकात ज्यूलियस हेअरने आपल्या गद्यात ‘टी’चा कटाक्षाने वापर केला, टेनिसनच्या काव्यातही ‘ड्रॉप’ व ‘स्टेप’ यांची अशी रूपे येतात. भाषाशास्त्रीय चळवळीचे धुरीण फर्निव्हल यांनीही हीच रीत पाळली.

या कल्पनेला राजाश्रय लाभण्याचा प्रसंग १९०६ साली अमेरिकेत आला. अँड्र्यू कार्नेगी यांच्या आर्थिक साहाय्याने त्या वर्षी स्थापन झालेल्या सुलभ लेखन मंडळाने तीनशे शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत ‘ॲड्रेस’, ‘ब्लश’, ‘क्लॅस्प’, ‘ड्रॉप’, ‘किस’ यांसारख्या क्रियापदांचे भूतकाळ ‘टी’ने लिहिलेले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑगस्ट १९०६ मध्ये शासकीय मुद्रणालयाला ही यादी पाळण्याचा आदेश दिला. वृत्तपत्रांनी त्याची मनसोक्त थट्टा केली. डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने या आदेशाविरुद्ध ठराव केला आणि रूझवेल्ट यांनी माघार घेतली.

या पराभवाचे श्रेय सामान्यतः लोकांच्या स्थितिप्रियतेला दिले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु सुधारकांच्या प्रस्तावात तात्त्विक दोषही होता. ‘टी’ लिहिल्याने भूतकाळाची एक खूण फुटून तिच्या दोन खुणा झाल्या असत्या. ‘किस’ला ‘टी’, ‘प्ले’ला ‘ई-डी’. उच्चारात जो भेद शेजारच्या ध्वनीमुळे आपोआप होतो, तो लेखकाला हाताने करावा लागला असता. आणि या कष्टाच्या बदल्यात वाचकाच्या पदरी संदिग्धता पडली असती. ‘मिस’ या क्रियापदाचा भूतकाळ आणि धुक्याला असलेला शब्द यांचा उच्चार एकच आहे. ‘गेस’चा भूतकाळ आणि पाहुण्याला असलेला शब्द, ‘पॅक’चा भूतकाळ आणि कराराला असलेला शब्द, ‘ट्रॅक’चा भूतकाळ आणि भूप्रदेशाला किंवा पुस्तिकेला असलेला शब्द, या जोड्यांचीही तीच गत आहे. कानाला हे शब्द वेगळे काढता येत नाहीत, डोळ्याला येतात. ‘ई-डी’ दिसताच येथे क्रियापद आहे, त्याला कर्ता आहे व क्रिया घडून गेली आहे, हे सारे वाक्य पूर्ण होण्याआधीच कळते.

एका शब्दाचे उदाहरण तर या वादावर निर्णायक प्रकाश टाकणारे आहे. ‘भूतकाळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘पास्ट’ हा मुळात ‘पास’ या क्रियापदाच्या भूतकाळवाचक कृदन्ताचेच ‘टी’ने लिहिलेले रूप होय. हा शब्द विशेषण, नाम व शब्दयोगी अव्यय म्हणून स्वतंत्र झाला आणि ‘टी’ कायमचा त्याच्याकडे राहिला. क्रियापद म्हणून जे रूप उरले त्याने ‘ई-डी’ धारण केले. ‘स्टे’ या क्रियापदाच्या बाबतीतही असेच झाले : भूतकाळ प्रत्ययाची नेहमीची खूण बाळगतो, तर त्याच कृदन्तापासून निघालेले ‘धीरगंभीर’ या अर्थाचे विशेषण ‘आय’ने लिहिले जाते. उच्चारात काडीचाही फरक नाही. जोवर रूप क्रियापदाच्या कुळात आहे तोवर कुळाची खूण. कूळ सुटले की खूणही सुटली. ही विभागणी कोणा मंडळाने केलेली नाही. लिहिणाऱ्यांच्या समूहाने व्याकरणाच्या जाणिवेतून ती घडविली आहे.

५

आता धातूविषयीच्या नियमांकडे वळावयाचे. ‘हॉप’मध्ये ‘पी’ द्वित्त का होतो? प्रत्ययाचा ‘ई’ उच्चारला जात नसला तरी तो कागदावर आहे, आणि इंग्रजी लेखनात ‘स्वर – एक व्यंजन – ई’ ही रचना दिसली की मागील स्वर दीर्घ वाचावा असा संकेत आहे. मूक प्रत्ययाच्या या अनपेक्षित परिणामापासून धातूचा ऱ्हस्व स्वर वाचविण्यासाठी मध्ये व्यंजनाचा बांध घालावा लागतो. टेनिसनच्या ‘टी’ने लिहिलेल्या ‘ड्रॉप’च्या रूपात ‘पी’ एकच आहे. तेथे ‘ई’ नाही, म्हणून बांधाचीही गरज नाही. द्वित्ताचा नियम हे प्रत्ययाची खूण स्थिर ठेवल्याबद्दल द्यावे लागलेले मोल होय, असे म्हणावयास हरकत नाही. ‘सी’पुढे ‘के’ घालण्याचे कारणही तेच. ‘पॅनिक’च्या ‘सी’पुढे ‘ई’ आला की तो ‘स्’सारखा वाचला जाईल, म्हणून ‘के’ची योजना.

अर्थात हे नियम एकट्या भूतकाळाचे नाहीत. ‘हॉप’चे वर्तमानकालवाचक कृदन्त किंवा कर्तृवाचक नाम करतानाही ‘पी’ द्वित्त होतोच. स्वराने आरंभ होणाऱ्या कोणत्याही प्रत्ययापूर्वी धातूचे रक्षण करण्याची ही सर्वसाधारण व्यवस्था आहे. ऱ्हस्व स्वरापुढील व्यंजन दोनदा लिहिण्याची कल्पनाही फार जुनी. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑर्म नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या दीर्घ पद्यग्रंथात ती विलक्षण सातत्याने राबविली. भूतकाळाच्या प्रकरणात हे नियम पुन्हा पाठ करावयास लावणे म्हणजे एकच हिशेब दोन वह्यांत मांडण्यासारखे आहे.

‘वाय’चा ‘आय’ होतो या सूत्रातही इतिहास उलटा सांगितला जातो. जुन्या इंग्रजी हस्तलिखितांत ‘आय’ व ‘वाय’ ही अक्षरे पुष्कळदा एकमेकांच्या जागी येत. पुढे शब्दाच्या अंती उघडा ‘आय’ टाळून तेथे ‘वाय’ लिहावा असा संकेत स्थिरावला. प्रत्यय लागला की ते स्थान अंत्य राहत नाही, म्हणून ‘क्राय’च्या भूतकाळात ‘आय’ दिसतो. बदल घडतो तो स्थानामुळे. भूतकाळाशी त्याचा संबंध नाही. ‘प्ले’मध्ये ‘ए’ व ‘वाय’ मिळून एका स्वराची खूण होते, म्हणून ती जोडी फोडली जात नाही. ‘क्राय’च्या वर्तमानकालवाचक कृदन्तात ‘वाय’ कायम राहतो, कारण दोन ‘आय’ शेजारी येणे इंग्रजी डोळ्याला रुचत नाही.

एकाहून अधिक अवयवांच्या धातूंत द्वित्ताचा निर्णय आघातावर अवलंबून असतो. ‘प्रिफर’ व ‘ऑकर’ यांत आघात अंत्य अवयवावर आहे, म्हणून ‘आर’ द्वित्त होतो. ‘ऑफर’ व ‘व्हिजिट’ यांत तो पहिल्या अवयवावर आहे, म्हणून व्यंजन एकेरी राहते. आघात लेखनात कोठेही दाखविला जात नाही. तरी त्याचा असा अप्रत्यक्ष ठसा लेखनात उमटतो, ही गोष्ट मराठीभाषिक विद्यार्थ्याला विशेष उपयोगी आहे. शब्द कसा म्हणावा हे त्याला भूतकाळाच्या रूपावरून पुष्कळदा ताडता येते. मात्र ब्रिटिश लेखनाने या तत्त्वाला एका ठिकाणी बगल दिली. ‘ट्रॅव्हल’चा आघात पहिल्या अवयवावर असूनही तेथे ‘एल’ द्वित्त केला जातो. नोआ वेबस्टरने १८२८च्या आपल्या अमेरिकी कोशात एकेरी ‘एल’ स्वीकारला, आणि नियमाच्या दृष्टीने पाहता त्याचाच पक्ष सुसंगत आहे. ‘वर्शिप’ व ‘किडनॅप’ यांचे द्वित्त ‘पी’ही याच कसोटीवर उणे ठरतात. ब्रिटिश रूढी अधिक शुद्ध व अमेरिकी रूढी शिथिल, या प्रचलित समजुतीला येथे काही आधार नाही.

६

अपवादांची परीक्षा केल्यावाचून कोणत्याही तत्त्वाची परीक्षा पुरी होत नाही. ‘कीप’, ‘स्लीप’, ‘फील’, ‘मीन’ यांचे भूतकाळ ‘टी’ने लिहिले जातात. वर सांगितलेल्या तत्त्वाला हे अपवाद बाधक नसून पोषकच आहेत. या रूपांत धातूचा स्वरच बदललेला आहे. शिवाय ‘फील’ व ‘मीन’ यांचे अंत्य ध्वनी घोष असूनही पुढे ‘ट्’ येतो. जेथे ‘ट्’ आपोआप येत नाही तेथे तो लिहून दाखवावा लागतो. ‘बर्न’ व ‘लर्न’ यांची ब्रिटिश लेखनातील ‘टी’ची रूपेही याच न्यायाने समर्थनीय आहेत, कारण घोष ‘न्’पुढील ‘ट्’ हा अंदाजाने कळण्यासारखा नाही.

खरी अडचण ‘पे’ आणि ‘ले’ या दोन क्रियापदांची आहे. त्यांचे भूतकाळ उच्चारात पूर्णपणे नियमित आहेत. ‘प्ले’च्या भूतकाळाशी त्यांचे यमक जुळते. तरी लेखनात ‘वाय’च्या जागी ‘आय’ येतो व प्रत्ययाचा ‘ई’ गळतो. ‘से’च्या भूतकाळात निदान स्वर तरी बदललेला आहे, या दोहोंत तेही कारण नाही. येथे कोणतेही तत्त्व शोधू जाणे व्यर्थ होय. अतिपरिचित शब्दांची जुनी रूपे वापराच्या बळावर टिकून राहतात, एवढेच म्हणता येते. लेखनपद्धतीमागे तत्त्व आहे असे प्रतिपादन करणाऱ्याने तत्त्व जेथे संपते ती सीमा दाखविणेही आवश्यक असते.

नोम चॉम्स्की व मॉरिस हॅले यांनी १९६८ सालच्या ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ या ग्रंथात रूढ इंग्रजी लेखन हे आदर्श पद्धतीच्या अगदी निकट जाणारे आहे असे विधान केले, तेव्हा त्यावर पुष्कळ टीका झाली. संपूर्ण शब्दसंग्रहाविषयी ते विधान अतिव्याप्त वाटते. विशेषतः वाचावयास शिकणाऱ्या लहान मुलाच्या दृष्टीने त्या आदर्शाचा फारसा उपयोग दिसत नाही. भूतकाळी प्रत्ययापुरते मात्र ते सहज पटते. जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना ‘रिक’ यासारखी बनावट क्रियापदे दिली असता त्यांनी कधीही न ऐकलेला भूतकाळ योग्य ‘ट्’ लावून तयार केला. म्हणजे प्रत्ययाचे ऐक्य बोलणाऱ्याच्या मनात आधीच असते. लेखन ते केवळ दृश्य करते. तथापि हे ऐक्य लेखनात ओळखण्यास वेळ लागतो. टेरेझिना नुनेस, पीटर ब्रायंट व मिरियम बाइंडमन यांनी १९९७ साली मांडलेल्या निरीक्षणांप्रमाणे इंग्रजी मुले आरंभी ‘किस’चा भूतकाळ ऐकू येतो तसा ‘टी’ने लिहितात, मग ‘ई-डी’चा शोध लागला की ‘मऊ’ या अर्थाच्या ‘सॉफ्ट’ या विशेषणालाही ते जोडून मोकळी होतात, आणि काही काळानंतरच ही खूण क्रियापदाची आहे हे त्यांना उमगते. ‘सॉफ्ट’ला ‘ई-डी’ लावणारे मूल चुकते खरे, पण ‘टी’ लिहिणाऱ्या मुलाच्या ते एक पायरी पुढे असते. उत्तरपत्रिका तपासताना या दोन चुकांची किंमत सारखी धरणे न्याय्य नाही.

७

वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. १६२३च्या शेक्सपिअरच्या पहिल्या फोलिओत, मुद्रकांच्या हातून झालेली विसंगती सोडल्यास, लोपचिन्ह हे स्वर न उच्चारण्याची आणि पूर्ण ‘ई-डी’ हे तो उच्चारण्याची सूचना असे. ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’च्या तिसऱ्या अंकातील दुसऱ्या प्रवेशात ज्यूलिएटच्या तोंडी वारंवार येणारा ‘बॅनिश्ड’ हा शब्द छंदाच्या मागणीनुसार तीन अवयवांचा म्हणावा लागतो; हद्दपारीच्या त्या शब्दाचा भार त्या तिसऱ्या अवयवात आहे. कीट्सच्या १८२०च्या संग्रहातही हा भेद पाळलेला दिसतो. आधुनिक आवृत्तिकार सर्वत्र ‘ई-डी’ छापतात व उच्चारावयाच्या स्वरावर एक तिरपी रेघ देतात. काही आवृत्त्यांत तीही नसते. अशा आवृत्तीवरून वाचणारा विद्यार्थी एक तर प्रत्येक ‘ई-डी’ स्वतंत्र अवयव म्हणून उच्चारतो, नाही तर एकही उच्चारत नाही. दोन्ही प्रकारे ओळ मोडते. गद्यासाठी जे लेखन उत्तम ठरले तेच छंदासाठी अपुरे पडते. कारण अर्थाची खूण स्थिर करताना उच्चाराची सूचना देण्याचे काम त्याने सोडून दिले. ‘लर्नेड’, ‘ब्लेसेड’ व ‘एजेड’ ही विशेषणे जुना स्वर राखतात, पण लेखनात ती भूतकाळाच्या रूपांहून वेगळी दिसत नाहीत, हेही याच निवडीचे फळ आहे.

देवनागरीत इंग्रजी शब्द लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीतूनही एक बोधप्रद गोष्ट दिसते. देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी असे अभिमानाने सांगितले जाते. ‘रिटायर्ड’ व ‘रजिस्टर्ड’ हे लेखन तसे आहेही. पण बँकेतील ‘फिक्स्ड’ ठेवीच्या अंती मराठी लेखक ‘ड’ लिहितो, उच्चार ‘ट्’ असताना. आणि ‘लिमिटेड’मध्ये तो इंग्रजीतील ‘ई’ या अक्षराला मान देऊन एकार लिहितो. प्रत्ययाची ओळख कानापेक्षा डोळ्याने अधिक पक्की होते, याचा हा घरचाच पुरावा. ‘मागतो’मधील ‘ग’ पुढील ‘त’मुळे जलद बोलण्यात ‘क’कडे झुकतो, तरी मराठी लेखन ‘माग’ हा धातू सोडीत नाही, हाही त्याच प्रवृत्तीचा नमुना आहे.

याउलट मराठीने स्वतःच्या भूतकाळी रूपांच्या बाबतीत वेगळा मार्ग पत्करला. ‘त्याने काम केलें’ आणि ‘त्याने दौरे केले’ या वाक्यांतील क्रियापदे पूर्वी अनुस्वाराने भिन्न दिसत. नपुंसकलिंगी एकवचन व पुल्लिंगी अनेकवचन यांतील भेद डोळ्याला कळे. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेल्या, मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी असे अनुच्चारित, व्युत्पत्तिमूलक अनुस्वार काढून टाकले. उच्चारात नसलेले चिन्ह पाठ करण्याचा जाच गेला, हा मोठाच लाभ. व्याकरणाचा एक भेद लेखनातून गेला, ही त्याची किंमत. वाक्यातील कर्म बहुधा जवळच असल्यामुळे अर्थाची हानी क्वचितच होते. इंग्रजीत प्रत्ययाची खूण गेली असती तर ती अधिक झाली असती. दोन्ही भाषांपुढे प्रश्न एकच होता, उत्तरे भिन्न आली, आणि प्रत्येक उत्तराचा हिशेब त्या त्या भाषेच्या रचनेतच मांडावा लागतो.

या साऱ्या विवेचनावरून अध्यापनाच्या दृष्टीने पुढील निष्कर्ष निघतात. भूतकाळाच्या प्रकरणात एकच नियम शिकवावा : उच्चार कोणताही असो, खूण एक. तीन उच्चारांची वाटणी तोंडी सरावाने करून घ्यावी. द्वित्त, ‘वाय’ आणि ‘के’ यांचे नियम लेखनाच्या सर्वसाधारण प्रकरणात, ऱ्हस्व-दीर्घ स्वर व आघात यांच्या जोडीने यावेत. ‘पे’ व ‘ले’ यांसारखे निष्कारण अपवाद आणि ‘कीप’सारखे सकारण अपवाद एका यादीत कोंबू नयेत. पद्य शिकविताना मूळ आवृत्तीतील लेखनाकडे विद्यार्थ्याचे लक्ष वेधावे. असे केल्याने पाठांतराचे ओझे थोडे हलके होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लेखनाचा नियम हा कोणा अज्ञात अधिकाऱ्याचा हुकूम नसून त्यामागील निवड तपासता येते, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येईल. ‘डी’ एकदा लिहावा की दोनदा, या प्रश्नापुढे जाऊन ‘का’ असे विचारण्याची सवय त्याला येथून लागली, तर व्याकरणाच्या तासाचे सार्थक झाले असे मानता येईल.